त्या डबीत खडीसाखर नाही

वाणगाव, जि. पालघर
(मुक्काम घरी नव्हे, वाडीतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत)

चि. दिशा हिला कृष्णकांतमामाकडून पाकिटात मावतील तेवढे आशीर्वाद. उरलेले सोबतच्या मिरचीपुडीच्या पिशवीत दाबून भरले आहेत, जपून उघड.

तू बरी असशील. जपानात माणसं मासे कच्चे खाऊनही ठणठणीत असतात असं ऐकून आहे. (मासे हा शब्द निदान दुसऱ्या पानापर्यंत येऊ द्यायचा नाही असं ठरवून बसलो होतो. आला तर आला, आता खोडत नाही.) तुझी आई मजेत आहे. मी तिचा थोरला भाऊ, पण हल्ली ती माझी ओळख 'हे आमच्या दिशाचे मामा' अशी करून देते, इतकी तुझी कीर्ती वाढली आहे. ढोबळी मिरचीला भाव बरा आहे. तुझ्या प्रेमलामामीची तब्येत तर इतकी उत्तम आहे की घरात आणखी कुणाला तब्येत ठेवायची गरजच उरलेली नाही. राहता राहिलो मी. तर गेल्या महिन्यात माझा मुतखडा पडला. बाळ-बाळंतीण सुखरूप म्हणतात तसे खडा आणि मी दोघेही सुखरूप आहोत. पडण्याआधी त्याने मला वाणगावहून बोईसरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात असा काही पिळून काढला की रिक्षावाल्याने उतरताना भाड्याऐवजी माझी विचारपूस केली. ते दुखणं गेलं, पण मामीने त्याच संध्याकाळी निकाल देऊन टाकला की खडा माशांचा आहे. साक्ष नाही, पुरावा नाही, आरोपीला वकील नाही. त्या दिवसापासून घरात पापलेट बंद, बोंबील बंद, कोलंबी बंद, कोपऱ्यातल्या बरणीतलं सुकटसुद्धा शेजारी देऊन टाकलं. सकाळी कुळथाचं कढण, रात्री कुळथाचं पिठलं, आणि मधल्या वेळात पाण्याचा तांब्या. एक तांब्या संपवून मी आशेने बघतो, तर म्हणते, 'आणखी एक प्या, मग रविवारी बघू.' रविवार येतो, आमच्याकडे बघतो आणि जातो.

माझं म्हणणं स्वच्छ आहे. खडा टोमॅटोचा आहे. तुझ्या मामीच्या हातचं टोमॅटोचं सार मी लग्नापासून निमूटपणे पितो आहे, आणि इतक्या वर्षांच्या साराचं शेवटी काहीतरी घट्ट होणारच. पण हे घरात बोलायची सोय नाही. (हे सगळं मोबाइलवर का लिहीत नाही असं तुझ्या मनात आलं असेल. मोबाइल नावाला माझा आहे. त्यावर माझ्यासाठी काय आलं ते मामी मला वाचून दाखवते, आणि मी काय उत्तर द्यायचं तेही तिथेच ठरतं.) असो. हे पत्र माझ्या खड्याबद्दल नाहीच. तुझ्या सत्काराबद्दल आहे.

तू तो फोटो पाठवलास तो दिवस मी विसरणार नाही. तुझी आई धावत आली, 'दादा, दिशाने काहीतरी पाहिलंय, काय पाहिलंय ते सांग.' मी फोटो आडवा धरला, उभा धरला. मला तर त्यात चार ढोबळ्या मिरच्या देठाला देठ लावून ठेवलेल्या दिसल्या. मग तू फोनवर समजावलंस आणि मी ते मामीला, तुझ्या आईला, पोस्टमनला, ज्याला वेळ होता त्याला समजावलं. बत्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस आहे मी. न कळलेली गोष्ट समजावून सांगणं हा माझा हातखंडा. बघ बरोबर सांगितलं का. स्फटिकात अणू आपल्या गादीवाफ्यावरच्या रोपांसारखे ओळीने, सारख्या अंतरावर बसलेले असतात. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांनाच फुटून बाहेर पडतात (तुझं नाव ठेवताना हे कुणाच्या ध्यानीमनी होतं!) आणि पडद्यावर ठिपके उमटतात. कुठला ठिपका ठळक, कुठला फिका, यावरून उलटा हिशेब करत गेलं की इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ ते कळतं. ठिपक्यांवरून रांगोळी ओळखायची, तसंच. पण गंमत अशी की अणूच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी की बाहेरचे एकदोन, ज्यांच्यावर त्या पदार्थाचे सगळे गुण अवलंबून, ते दिसतच नाहीत. म्हणून तू काय केलंस, तर आतली गर्दी हिशेबातून वजा केलीस. वजा करून जे उरलं तो त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनाचा कक्षक, म्हणजे त्याची वावरायची जागा, आणि तिचा आकार म्हणजे त्या चार मिरच्या. पुस्तकातली चित्रं समीकरणं सोडवून काढलेली असतात, तू मात्र ती मिरची प्रत्यक्ष मापून काढलीस. आणि त्या एका चित्राला तीन वर्षं लागली.

यावर आलेल्या शंकाही कळवतो, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडतील. मामी म्हणाली, वजाच करायचं होतं तर आधी एवढं मोजलं कशाला? आणि तुझ्या आईची शंका तिने अजून सोडलेली नाही. तिने खिडकीतून तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या दिशेला हात केला आणि म्हणाली, 'अणू तर इथेच आहेत ना दादा, घरून डबा घेऊन जाता आला असता. जपानला कशाला गेली?' मी तिला फरक सांगायचा प्रयत्न केला. तिने मान हलवली आणि डोळे पुसले. तिला फरक नको आहे, तिला तू हवी आहेस. ते एक असो.

तर गावाने सत्कार करायचा ठरवला. गावाने म्हणजे आमच्या शेजारच्या मनीषने. त्याचं मित्रमंडळ आहे आणि मंडळाला वर्षभर पुरेल इतके सत्कारमूर्ती वाणगावात नाहीत. तू इथे नाहीस याची त्याला अडचण वाटली नाही. शाल आईला घालू म्हणाला. फलकाचा मजकूर अर्थात मी लिहिला: 'वाणगावची कन्या कु. दिशा हिने क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील इलेक्ट्रॉनचा कक्षक प्रत्यक्ष मापून पाहिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. तो कागद घेऊन मनीष बोईसरच्या फ्लेक्सवाल्याकडे गेला. तिथल्या कारागिराने मजकूर बघितला आणि म्हणाला, 'भैया, इतना मैटर बैठेगा नहीं, फोटो किधर डालूँ?' मनीष म्हणाला, बसेल तेवढं बसव. कारागिराने बसवलं. सकाळी स्टेशनच्या रस्त्यावर फलक झळकला: 'क्ष-किरण कक्ष. कु. दिशा. हार्दिक अभिनंदन.' कक्षकातला शेवटचा क गेला, दिशा, आणि त्याच्याबरोबर माझी बत्तीस वर्षांची नोकरी गेली. क्ष-किरण कक्ष! दवाखान्यात दारावर पाटी असते ती! शिवाय तुझ्या चार मिरच्यांचा फोटो अस्पष्ट आहे असं वाटून त्या भल्या माणसाने आपल्या पदरचा एक स्वच्छ, सुंदर फोटो घातला होता. छातीच्या एक्स-रेचा. फुप्फुसं, बरगड्या, सगळं जिथल्या तिथे.

दुपारपर्यंत गावात पक्कं झालं की मास्तरांच्या भाचीने वाणगावात एक्स-रेची खोली उघडली. पहिली आली ती नवापूरची नलू. ही आमच्या दारावर मासे घेऊन येणारी. तू लहानपणी हिच्या टोपलीतली कोलंबी मोजायचीस, आठवत असेल. हल्ली ती दारावरून नुसती जाते, तीही आमच्या फाटकापाशी आवाज न देता, मामीचं फर्मान. त्या दिवशी मात्र टोपली खाली ठेवून म्हणाली, 'मास्तर, माजा गुडगा लय दुकतो. तुमच्या पोरीला सांगा, पयला नंबर माजा हाय. आमी काय परकं नाय.' मी म्हटलं, अगं, ती माणसांचा एक्स-रे काढत नाही. तर म्हणाली, 'नाय कशी? बोर्डावर फुपुस हाय ना!' बोलता बोलता तिने टोपलीवरचं फडकं जरा सारलं आणि खाली तीन पापलेटं दिसली. मी गुडघ्याबद्दल काय बोललो ते मला नीट आठवत नाही.

गैरसमज व्यासपीठावरून दूर करायचा असं मी ठरवलं. इथेच चूक झाली. सत्काराच्या दिवशी पालघरहून पाहुणे आले, तुझ्या आईला शाल दिली, नारळ दिला, ती रडली, तिला बघून मामी रडली (टोमॅटो चिरताना रडत नाही ती), आणि मी माईक हातात घेतला. मनात वाक्य तयार होतं, 'दिशा माणसांचे नव्हे, स्फटिकांचे क्ष-किरण-विवर्तन अभ्यासते.' समोर बघितलं तर दोन आजोबा झोपलेले. विवर्तन म्हटलं असतं तर उरलेलेही गेले असते. म्हणून सोप्या मराठीत सांगितलं, 'मंडळी, आमची दिशा माणसांचा एक्स-रे काढत नाही. ती खड्यांचा एक्स-रे काढते. खडा कशाचा बनलाय, आत काय दडलंय, ते तिला बरोब्बर दिसतं!' आजोबा दोघेही जागे झाले. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला निरोपसमारंभालाही पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ही रांग! आपल्या भाषेचा मला अभिमान आहे, पण एका शब्दात तिने किती माणसं बसवावीत? सगळ्यात पुढे मनीष, दोन्ही हातांच्या अंगठ्या काढून रुमालात घेऊन. पोवळं, पुष्कराज, गोमेद. ज्योतिषाने दिलेले खडे खरे आहेत का तेवढं दिशाला बघायला सांगा, कारण घालूनही लग्न जमत नाही. मागे एक काका, बामच्या जुन्या बाटलीत आपला मुतखडा घेऊन, आणि तो इतका मोठा की मला स्वतःच्या खड्याची लाज वाटली. कुणी हिंगाचा खडा आणला, कुणी तुरटीचा. आणि शेवटी नलू, गुडघ्याचं दुखणं विसरून, पिशवीभर खडं मीठ घेऊन: 'सुकटाला लावते मी ह्ये. यात येपारी रेती घालतो, तुमच्या पोरीला सांगा, सोडू नको त्याला.' (तू म्हणाली होतीस ना, मिठाचा खडा हा अगदी शिकाऊ पोराला द्यायचा स्फटिक? म्हणजे त्या सबंध रांगेत तुझ्या कामाचं एकटी नलूच घेऊन आली होती.) मी सगळ्यांना सांगितलं की जपानातल्या त्या यंत्राला आपल्या गावाएवढी जागा लागते आणि नंबर लागायला महिनोन्महिने जातात. कुणाचं काही बिघडलं नाही. रेशनच्या रांगेत उभं राहिलेली माणसं, थांबू म्हणाली.

रांग पांगल्यावर नलू मागे राहिली. तिला तो फलक हवा होता. सत्कार झाला, आता तो ओटीवर गुंडाळून पडला होता, आणि तिला सुकत घातलेले बोंबील झाकायला असं जाड कापड मिळत नाही. मी म्हटलं, ने. (तेव्हा तुझं नाव आणि परक्या माणसाची फुप्फुसं सध्या नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबलांवर पसरलेली आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस, खूप माणसं बघतात.) फलक जरा लांब होत होता म्हणून तिने शेवटची पट्टी कोयतीने कापली, आणि माझ्याकडे बघितलं. मग टोपलीतलं एक पापलेट काढून त्या पट्टीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. दिशा, मी नाही म्हणणार होतो. तोंड त्यासाठीच उघडलं होतं, पण त्याला पाणी सुटलं.

मोटारीच्या खोलीत तीन विटा मांडल्या, तवा होताच (मिरच्या भाजायला ठेवलेला), हळद-मीठ-तिखट लावलं आणि तळायला टाकलं. दार बंद, खिडकीला पोतं. तो आवाज, तो वास! मी एकटाच होतो, पण मोठ्याने 'वा' म्हणालो. एक बाजू झाली, उलटलं, दुसरी झाली, पहिला तुकडा मोडून फुंकर घातली, आणि दार उघडलं. मामी. हातात पाण्याचा तांब्या. (ही बाई हल्ली तांब्या घेऊन मला वाडीभर शोधत असते.) ती तव्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना, खाली पडलेल्या त्या पट्टीकडे बघत राहिली. पट्टीवर खवले चिकटले होते. मग तिने वर्गात पोरं वाचतात तसं स्पष्ट वाचलं, 'हार्दिक अभिनंदन.' तुकडा माझ्या हातातून काढून तव्यात ठेवला, तांब्या माझ्या हातात दिला, आणि तवा उचलून निघून गेली. त्या पापलेटचं पुढे काय झालं ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. मी तांब्या संपवला. दुसरं काय करणार होतो?

असा तुझा सत्कार थाटात पार पडला. तुझी शाल आईने कपाटात ठेवली आहे. तू अशीच मोठी हो, आणखी कक्षक बघ, आणि मराठीत लिहिताना शेवटचा क जपून लिहीत जा.

तुझा, कुळथावर जगणारा,
कृष्णकांतमामा

ता. क. पार्सलमध्ये दोन डब्या आहेत. स्टीलच्या डबीत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची खडीसाखर आहे, ती तुझ्या आईने दिली आहे. प्लास्टिकच्या डबीत खडीसाखर नाही. ती तोंडात टाकू नकोस. तो माझा खडा आहे. धुतलेला आहे, तरी नको.

ता. क. दुसरं. मागे तूच म्हणाली होतीस की टोमॅटो-पालकाच्या वाटेने होणारा खडा वेगळा, मासे-मटणाच्या वाटेने होणारा वेगळा, आणि यंत्रात घातला की ठिपक्यांवरून लगेच ओळखू येतो. तेव्हा एवढं काम कर. निकाल छापील कागदावर, शिक्क्यासह, मामीच्या नावाने पाठव. मजकूर मी सुचवतो: 'तपासाअंती मासळी निर्दोष आढळली.' खाली जपानी भाषेतही काहीतरी असू दे, वजन पडतं. आणि लवकर पाठव, पापलेटचा हंगाम कुणासाठी थांबत नाही.

ता. क. तिसरं. समजा, नुसतं समजा, खडा माशांचाच निघाला, तर तुझी ती वजाबाकी करून बघ. मासे वजा केल्यावर काय उरतं तेवढंच कळव.

दिशा, मी मामी. पार्सल मीच बांधते, हे ह्यांच्या लक्षात राहत नाही. पत्र सगळं वाचलं. तुझी ती वजाबाकी मला आता कळली. ह्यांच्या पत्रातून तुझा सत्कार वजा केला, फलक वजा केला, मनीषच्या अंगठ्या वजा केल्या, तर पापलेट उरतं. ते मी खाल्लं. तळलं चांगलं होतं, मीठ जरा कमी होतं.

तुला म्हणून सांगते. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मासे बेताने चालतील, पण पाणी भरपूर हवं, नाहीतर पुन्हा खडा होईल. आता ह्या माणसाला पाणी प्या म्हटलं तर जन्मात प्यायलेला नाही. शाळेत असताना घरून नेलेली बाटली तशीच परत यायची. पण 'रविवारी बघू' म्हटलं की अख्खा तांब्या संपतो. रिक्षात त्या दिवशी हे गप्प बसले होते गं. बोईसर येईपर्यंत एक शब्द नाही, नुसता माझा हात धरलेला. इतक्या वर्षांत हे कधी गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. मला तेवढ्याचीच भीती बसली आहे. बोलू देत, भांडू देत, माझ्या साराला नावं ठेवू देत.

खडा डबीत आहे तसाच ठेवला आहे, काढून घेतलेला नाही. यंत्रात घाल, नीट बघ. फक्त तुला तो एक फोटो काढायला तीन वर्षं लागली म्हणे. ह्यालाही लागू देत.